मंगळवार रात्रीची कादंबरी

कादंबरीची योजना रविवारी दुपारी आखली जाते. झोप झालेली असते, समोर कोरी वही असते, घरात जरा शांतता असते. रोज हजार शब्द, वर्षअखेरीस पहिला खर्डा, पुढच्या वर्षी दुसरी कादंबरी आणि दोन्हींना जोडणारी तिसरी. सगळं अगदी आवाक्यातलं वाटतं. लिहायचं मात्र असतं मंगळवारी रात्री साडेनऊला. दिवसभराची नोकरी, येण्याजाण्यात गेलेले दोन तास, घरातलं कुणाचं तरी दुखणंखुपणं आणि उद्याची तयारी एवढं उरकून माणूस खुर्चीत टेकतो आणि त्याच्यापुढे रविवारच्या माणसाने ठेवलेला हजार शब्दांचा हुकूम असतो. तो पाळला जात नाही. मग 'शिस्तच नाही' असं म्हणून विषय संपवला जातो. हा आरोप मला पटत नाही. बहुतेक वेळा योजनाच ताज्या माणसासाठी बेतलेली असते आणि राबवायची पाळी थकलेल्यावर येते.

आपल्याच कामाला किती वेळ लागेल हे माणसाला नीट सांगता येत नाही. १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहीत असलेल्या ३७ विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की काम पुरं व्हायला किती दिवस लागतील? उत्तरांची सरासरी आली ३३.९ दिवस. आणि सगळंच बिनसलं तर? ४८.६. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५.५ दिवस. म्हणजे 'सगळंच बिनसलं तर' हा अंदाजही तोकडाच पडला. प्रबंधाला निदान शेवटची तारीख असते, मागे लागणारे प्राध्यापक असतात. पहिली कादंबरी लिहिणाऱ्याच्या मागे कुणीच लागलेलं नसतं.

तेव्हा हिशेब मंगळवारच्या मापाने करून बघू. मध्यम आकाराची कादंबरी ६०,००० शब्दांची धरली, तर छापील पानावर अडीचशे-तीनशे शब्द या हिशेबाने ती २०० ते २४० पानांची होते. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्याला आठवड्यात चाळीस मिनिटांच्या चार बैठका जमतात. चारपेक्षा जास्त जमतात असं म्हणणाऱ्याने एक महिना नोंद ठेवून बघावी. एका बैठकीत ३०० शब्द झाले तर आठवड्याला १,२००. म्हणजे पन्नास आठवडे, पण सलग नव्हे. वर्षातून आजारपणं, पाहुणे, लग्नकार्यं, मुलांच्या परीक्षा, कामावरचे धावपळीचे महिने यांचे सोळा आठवडे वजा केले, की उरतात छत्तीस. ३६ गुणिले १,२०० म्हणजे वर्षाला ४३,२०० शब्द. पहिला खर्डा हातात यायला सुमारे सतरा महिने. दुसऱ्या खर्ड्याला त्याहून थोडे कमी आणि शेवटचा हात फिरवायला पाच-सहा महिने. एकूण तीन वर्षं.

तीन वर्षं हा आकडा पहिल्यांदा ऐकताना बरा वाटत नाही. पण तो आधीपासून ठाऊक असलेला माणूस आठव्या महिन्यात २५ हजार शब्दांवर उभा असतो तेव्हा स्वतःला वेळेवर समजतो. 'एका वर्षात पुरी' म्हणून निघालेला तिथेच उभा राहून स्वतःला नापास ठरवतो. शब्द तेवढेच, काम तेवढंच. दुसरा कादंबरी सोडतो.

एका महिन्यात ५०,००० शब्द लिहिण्याचं आव्हान १९९९ साली सुरू झालं आणि पुढे दर नोव्हेंबरात जगभर गाजलं. दिवसाला १,६६७ शब्द. सुट्टी काढून, घराला आधी कल्पना देऊन ते पुरं करणारे आहेतच. पण रोजच्या धबडग्यात तो वेग धरणाऱ्याची डिसेंबरमध्ये वही उघडायची इच्छा राहत नाही, आणि झालेल्या मजकुरातला बराचसा आकडा गाठण्यासाठी लिहिलेला असतो. त्यापेक्षा जास्त नुकसान करते ती थकबाकी. काल ३०० शब्द राहिले म्हणून आज ६००, आजचेही राहिले म्हणून उद्या ९००. चौथ्या दिवशी माणूस वहीकडे फिरकत नाही. त्यामुळे नियम एकच: चुकलेली बैठक बुडीत खात्यात. उद्याचे शब्द ३००च.

शिस्तीचा दाखला म्हणून नेहमी अँथनी ट्रोलप यांचं नाव निघतं. इंग्लंडच्या टपाल खात्यात नोकरी करता करता त्यांनी कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाच ते साडेआठ बैठक, समोर घड्याळ आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द. त्यांच्या मृत्यूनंतर १८८३ साली आत्मचरित्र निघालं त्यात हे सगळं आहे. पण त्याच पुस्तकातल्या तीन गोष्टी दाखला देणारे सहसा गाळतात. पहाटे उठवायला एक जुना नोकर होता, या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जास्तीचे मिळत. आगगाडीत गुडघ्यावर पाटी ठेवून ट्रोलप पेन्सिलीने लिहीत, आणि त्याची सुवाच्य प्रत काढायचं काम बायको करत असे. तिसरी गोष्ट आपल्या सगळ्यात कामाची: तीन तासांतला पहिला अर्धा तास ते कालचं लिहिलेलं वाचण्यात घालवत.

तीन तासांतला अर्धा तास परवडतो. चाळीस मिनिटांतला अर्धा तास गेला, तर उरतात दहा मिनिटं. थोडक्या वेळात लिहिणाऱ्याची खरी अडचण ही आहे. शब्द सुचत नाहीत असं नसतं. कालच्या प्रसंगात पुन्हा शिरायलाच वेळ जातो: कोण कुठे उभं होतं, कुणाला काय माहीत होतं, आवाज चढला होता की नव्हता. हे सगळं डोक्यात पुन्हा उभं राहीपर्यंत घड्याळात सव्वादहा वाजतात. म्हणून वाचवायचं काही असेल तर हा आत शिरण्याचा वेळ वाचवायचा. त्यासाठी मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चिठ्ठी.

पस्तिसाव्या मिनिटाला गजर लावायचा. तो वाजला की वाक्य अर्ध्यावर असलं तरी हात थांबवायचा आणि उरलेल्या पाच मिनिटांत पुढच्या बैठकीच्या माणसाला चिठ्ठी लिहायची. पन्नास-साठ शब्द पुरतात. बहुतेकजण लिहितात ती चिठ्ठी अशी असते: 'वसुधा-मोरेश्वर भांडण पूर्ण करणे.' हिचा काही उपयोग होत नाही. हा पुन्हा हुकूमच झाला. भांडण कसं पूर्ण करायचं हे सगळं ठरवायचं काम त्याच थकलेल्या डोक्यावर आलं. उपयोगी पडते ती अशी:

'किल्ली वसुधाच्या मुठीत आहे. मोरेश्वरला ते ठाऊक नाही, त्याला वाटतंय की ती कपाटालाच आहे. दुपारचे तीन, वीज गेलेली. तो आता पाणी मागेल. ती उठली तर किल्ली दिसेल, म्हणून उठणार नाही. मृत्युपत्राचा विषय अजून कुणीही काढायचा नाही. पहिलं वाक्य: "पाणी तूच घे, मला आत्ता उठवत नाही."'

यात चार गोष्टी आहेत. माणसं कुठे आहेत आणि हातात काय आहे. कुणाला काय माहीत आहे आणि काय नाही. इतक्यात काय उघड करायचं नाही. आणि उद्याचं पहिलं वाक्य, तयार. दुसरी गोष्ट सर्वांत लवकर विसरली जाते. आठवडाभराने लिहायला बसलेला लेखक मोरेश्वरच्या तोंडी 'किल्ली दे' असं वाक्य घालून बसतो आणि आधीच्या चार पानांचा ताण वाया जातो. तिसरीही महत्त्वाची, कारण थकलेल्या माणसाला प्रसंग लवकर उरकायचा असतो आणि लवकर उरकायचा सोपा मार्ग म्हणजे पात्राकडून सगळं बोलून घेणं. रात्री उशिरा लिहिलेल्या प्रकरणांत पात्रं एकमेकांना आपल्या भावना समजावून सांगत बसलेली दिसतात, ती याचमुळे.

पुढे काय होणार हे ठाऊक असताना थांबावं, ही युक्ती जुनी आहे आणि चालतेही, पण रोज लिहिणाऱ्याची. मध्ये चार-पाच दिवस गेले, की अर्धवट सोडलेलं वाक्य आपलं वाटेनासं होतं. खाडा पडणार हे आधी दिसत असेल तर चिठ्ठी दुप्पट मोठी करावी. आणि खाड्यानंतर किती मागे जाऊन वाचायचं याची मर्यादा ठरवून घ्यावी. तीन-चार दिवसांचा खाडा: चिठ्ठी आणि शेवटचं पान. पंधरा दिवसांचा: चालू प्रकरण. दोन महिन्यांचा: प्रत्येक प्रकरणाचा तीन ओळींचा सारांश, जो प्रकरण संपल्या संपल्या लिहून ठेवलेला असतो. कोणत्याही परिस्थितीत पहिल्या पानापासून वाचायला बसायचं नाही. वाचताना पेन हातात येतंच, दुरुस्त्या सुरू होतात, आणि वर्षभराने कादंबरीची पहिली तीस पानं घासूनपुसून लखलखीत झालेली असतात, एकतिसाव्या पानानंतर माळरान. संपादकाला हे चटकन कळतं. पहिलं प्रकरण सुंदर आणि तिसऱ्यात हवा गेलेली, असं हस्तलिखित कसं तयार होतं ते त्याला ठाऊक असतं.

आता थकव्याविषयी. 'दमलो' या एका शब्दात आपण निदान तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो, आणि प्रत्येकीत कादंबरीचं वेगळं काम होऊ शकतं. दिवसभर शब्दांतच राबणारे असतात: शिक्षक, वार्ताहर, अनुवादक, फोनवर तक्रारी ऐकणारे. त्यांचं शरीर ठीक असतं, संध्याकाळी भाषाच आटलेली असते. त्यांनी रात्री नवा मजकूर लिहायचा अट्टहास करू नये. आलेली वाक्यं कामावरच्या वाक्यांसारखी येतात. त्यांची बैठक सकाळची, कामावरचा पहिला संदेश वाचायच्या आधीची. दुसरे, अंगमेहनतीने किंवा उभं राहून थकलेले. त्यांच्या डोक्यात दिवसभर कथानक फिरलेलं असतं, पण बसलं की डोळा लागतो. त्यांना बोलून टाइप करणं उपयोगी पडतं, मात्र उभ्याने किंवा चालत. आडवं पडून बोलायला लागलं की तिसऱ्या वाक्याला घोरणं. तिसरा थकवा निर्णयांचा. घरातल्या आजारी माणसाचं पथ्यपाणी, मुलांचं वेळापत्रक, कामावरची माणसं सांभाळणं, यात दिवसभर 'हे की ते' करून झालेल्या माणसाला रात्री आणखी एक निर्णय नको असतो, आणि कादंबरी म्हणजे तर दर वाक्याला निर्णय. चिठ्ठीचा सर्वांत जास्त फायदा याच मंडळींना होतो, कारण निर्णय आधीच्या बैठकीत झालेला असतो.

पहाटे पाचला उठा, असा सल्ला सगळे देतात. उठावं जरूर, पण त्यासाठी दहाला झोपणं शक्य असेल तर. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. ती कापून मिळवलेला तास महिनाभर चालतो आणि मग आजारपणात सव्याज परत जातो. शिवाय उठल्या उठल्या डोकं चालत नाही. झोपेची गुंगी उतरायला पंधरा ते तीस मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्त. चाळीस मिनिटांच्या पहाटबैठकीत हा मोठा खड्डा आहे. त्यावर इलाज म्हणजे पहिली दहा मिनिटं यांत्रिक कामाला द्यायची: कालचा शेवटचा परिच्छेद हाताने जसाच्या तसा उतरवून काढायचा. हात चालू होतो, कान भाषेवर येतो, आणि पुढचं वाक्य बरेचदा त्याच ओघात येतं. रात्री बसणाऱ्यांनी कॉफीवर विसंबू नये. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. साडेनऊच्या कपातलं निम्मं अडीच वाजता जागंच असतं, आणि त्याची किंमत बुधवारची बैठक भरते.

कादंबरी लिहिणं हे एकच काम आहे असं समजल्यामुळेही बऱ्याच रात्री वाया जातात. ताजं डोकं लागतं अशी कामं मोजकी आहेत: प्रकरणाची सुरुवात, ज्यात काहीतरी फिरतं असा प्रसंग, तीन किंवा अधिक माणसांचं बोलणं. दोघांचा संवाद थकलेल्याला पेलतो. तिसरा माणूस आला की तो गप्प असताना काय करतो हेही सांभाळावं लागतं, आणि दमलेला लेखक त्याला खोलीत विसरून जातो. शेवट ठरलेला प्रसंग पुढे नेणं किंवा एखादं पान पुन्हा लिहिणं हे मधल्या ताकदीचं काम. आणि अगदीच जीव नसेल तेव्हाही करता येतील अशी कामं वहीच्या शेवटच्या पानावर वीसेक लिहून ठेवावीत. हाताने लिहिलेली पानं टाइप करणं. कथेतल्या तारखा-वार जुळवणं. एक पान मोठ्याने वाचून जीभ अडखळेल तिथे नुसती खूण करणं. गौण पात्रांची नावं ठरवणं आणि एकाच अक्षराने सुरू होणारी नावं बदलणं, कारण सुमन, सुधा आणि सुनीता वाचकाला पंधराव्या पानावर वेगळ्या राहत नाहीत. या हलक्या कामांचा एक धोका आहे. ती करताना कादंबरी पुढे जातेय असं वाटतं. सलग दोन बैठका हलक्या गेल्या, तर तिसरीत निदान शंभर नवे शब्द लिहायचेच, वाईट आले तरी.

माहिती शोधणं याच जातीतलं. १९७२ साली अमुक औषध मिळत होतं का, हे बघायला इंटरनेट उघडलं की बैठक संपली. खर्ड्यात तिथे तीन फुल्या मारायच्या आणि पुढे जायचं. महिन्यातून एक बैठक फक्त फुल्यांची. बऱ्याच फुल्यांपर्यंत पोचेतो तो प्रसंगच कापला गेलेला असतो.

तीन वर्षं तुकड्यातुकड्यांत लिहिताना जे हमखास बिघडतं ते सातत्य. पात्राचं वय, कुणाचा कोणता पाय दुखतो, घराचं दार कुणीकडे उघडतं, याची एक वेगळी नोंदवही लागते. पात्राच्या पुढे जन्मसाल लिहायचं, वय लिहायचं नाही, कारण कथा सात वर्षं पुढे सरकते तेव्हा वयाचा हिशेब चुकतो, सालाचा चुकत नाही. मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक नोंद अत्यावश्यक आहे: निवेदनात 'केलं, गेलं' की 'केले, गेले'? आणि संवादातली बोली कितपत? कुठलं पात्र 'न्हाई' म्हणतं आणि कुठलं 'नाही'? ताज्या दिवशी लेखक बोली मन लावून लिहितो, दमलेल्या दिवशी त्याच पात्राच्या तोंडी प्रमाणभाषा घालतो, आणि वाचकाला वाटतं की या बाईने मध्येच शाळा केली की काय. प्रत्येक मुख्य पात्राची नमुन्याची पाच वाक्यं नोंदवहीत उतरवून ठेवली आणि त्याचा संवाद लिहिण्याआधी ती वाचली, की हे बरंचसं टळतं. कादंबरी प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी, हा निर्णय मात्र पहिल्या पन्नास पानांत पक्का करून कुलूपबंद करावा. मधल्या कंटाळ्याच्या महिन्यांत 'हे सगळं तिच्याच तोंडून सांगितलं तर?' असा विचार हटकून येतो. तो वहीत टिपून ठेवावा, दुसऱ्या खर्ड्यासाठी. दर वेळी तो थकव्यातूनच आलेला असतो असं नाही, पण थकलेल्या दिवशी तो खरा की पळवाट हे ओळखता येत नाही.

टाइप करण्याविषयी थोडं. युनिकोडमध्येच लिहावं. जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हं दिसतात, आणि रूपांतर करताना रफार, जोडाक्षरं इकडची तिकडे होतात. छपाईसाठी पुढे कुणाला जुना फाँट लागलाच तर ते रूपांतर शेवटी एकदाच करावं आणि पूर्ण मुद्रितशोधन पुन्हा करावं लागेल हे धरून चालावं. आणखी एक बारीक भानगड म्हणजे 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यांतला ऱ. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो, पडद्यावर दोन्ही बहुधा सारखेच दिसतात, पण फोनवर लिहिलेला 'दुसऱ्या' संगणकावर शोधला तर कधी सापडत नाही. तेव्हा शोधताना शब्दाचा ऱ टाळून सुरुवातीची अक्षरं तेवढी द्यावीत. बोलून टाइप केल्यास दहा मिनिटांत कच्चे सात-आठशे शब्द सहज होतात, पण विरामचिन्हं नसतात आणि दोघांचे संवाद एका ओळीत मिसळतात. चोवीस तासांत साफ केलं नाही तर कोण काय बोललं हे आपल्यालाच लागत नाही. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल, नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फायली आपोआप क्रमाने लागतात. आणि दर आठवड्याला एक प्रत संगणकाबाहेर. फोन हरवला म्हणून थांबलेल्या कादंबऱ्या कमी नसाव्यात.

घरच्यांकडून वेळ मागण्याची एक रीत असते, आणि 'मला लिहायला वेळ द्या' ही ती नव्हे. असा मागितलेला वेळ कुणी नाकारत नाही आणि कुणी देतही नाही. मंगळवार आणि गुरुवार, साडेनऊ ते दहा दहा, दार लोटलेलं, त्या वेळात आईचं औषध तू देणार, बदल्यात शनिवारची सकाळ तुझी. इतकं बारीक ठरलं की भांडणाला जागा कमी उरते. जिच्या वेळेवर घरातल्या सगळ्यांचाच हक्क असतो अशा बाईला चाळीस मिनिटं सलग मिळतील हे गृहीत धरणंच चुकीचं आहे, आणि लेखनाचे बहुतेक सल्ले तेच गृहीत धरतात. तिच्यासाठी बैठकीचं माप वेगळं हवं: दहा-दहा मिनिटांचे तुकडे, प्रत्येकात एकच गोष्ट. एक बोलणं, एक हालचाल, एक वस्तू. चिठ्ठी मग एका ओळीची होते, आणि फोन स्वयंपाकघरात नेता येतो. दीडशे शब्द झाले तरी दिवस जमेत. मात्र दर पंधरा दिवसांतून एकदा दोन सलग तास मागून घ्यावेच लागतात. तुकडे लिहिता येतात दहा मिनिटांत, पण ते एकमेकांना जोडायचे तर सगळे एकाच वेळी डोळ्यांसमोर लागतात.

आणि ती महत्त्वाकांक्षा? तीन भागांची मालिका, पाच पिढ्या, नकाशे, वंशावळ? ती असू द्यावी. तिची थट्टा करणाऱ्यांशी मी सहमत नाही. थकलेल्या आठवड्यांत तीच माणसाला खुर्चीपर्यंत आणते. पण तिला वही वेगळी आणि दिवस वेगळा. दुसऱ्या-तिसऱ्या भागाचं जे सुचेल ते त्या वहीत तारखेसह, आणि ती वही महिन्यातून एकदाच उघडायची. कारण न लिहिलेली कादंबरी नेहमीच चालू कादंबरीपेक्षा सुंदर असते. तिच्यात अजून मधली शंभर पानं आलेली नसतात. वीस हजार शब्दांच्या आसपास नवी कल्पना जोरात खुणावू लागते, तेव्हा चालू कथेत नेमकं काहीतरी अडलेलं असतं: नायकाला हवं ते फार लवकर मिळालेलं असतं, किंवा त्याला काय हवंय हेच लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. नवी कादंबरी सुरू करण्याआधी या दोन जागा तपासाव्यात. आणखी एक, कथानक लोकांना सांगत सुटू नये. चार मित्रांना रंगवून सांगितलेला शेवट पाचव्यांदा कागदावर उतरवताना लेखकाला स्वतःलाच कंटाळा आलेला असतो.

काही वेळा कादंबरी बंद ठेवणंच योग्य. दोन आठवडे पुरेशी झोप घेऊनही थकवा हटत नसेल, वाचायचीही इच्छा उरली नसेल, तर तो शिस्तीचा प्रश्न नाही आणि वेळापत्रकाचाही नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर या साध्या रक्ततपासण्यांतून बरेचदा कारण सापडतं. मन खचलं असेल तर त्याचेही डॉक्टर असतात. बंद ठेवायची तीही रीतसर. शेवटची लांबलचक चिठ्ठी, पुढच्या तीन प्रसंगांची एकेक ओळ, आणि पुन्हा उघडायची तारीख दिनदर्शिकेवर. तारीख न घालता बाजूला ठेवलेलं हस्तलिखित महिन्यागणिक उघडायला अवघड होत जातं.

पहिला खर्डा संपल्यावर तो लगेच वाचू नये. चार ते सहा आठवडे जाऊ द्यावेत आणि मग तो कागदावर छापून, दोन दिवसांत सलग वाचावा. मिनिटाला दीडशे-दोनशे शब्दांच्या वेगाने ६०,००० शब्दांना पाच ते सात तास लागतात, खुणा करत वाचलं तर नऊ-दहा. हे काम चाळीस मिनिटांच्या बैठकांत होत नाही. पंधरा दिवस लावून वाचलं की मधला ढिलेपणा जाणवतच नाही, कारण रोज नव्याने बसणाऱ्या डोळ्याला प्रत्येक तुकडा ठीकच वाटतो. पहिल्या वाचनात भाषा सुधारायची नाही. समासात तीनच खुणा: इथे कंटाळा आला, इथे पटलं नाही, हे आधी येऊन गेलंय. या दोन दिवसांसाठी भर कामाच्या आठवड्यातली रजा लागते, आणि ती आयत्या वेळी मिळत नाही. ४५ हजार शब्द झाले की अर्ज टाकावा. कारण विचारलं तर 'घरगुती काम' लिहिलं तरी चालतं.